बायडीची पिशवी

मामा, बायडी गाभण नव्हती.

हे तुम्हाला सगळ्यात आधी सांगायचं होतं. तुम्हाला जाऊन आज चौदा दिवस झाले. काल तेरावं झालं, पाहुणे गेले, आणि आज सकाळी मी तुमच्या मांजरीला भाजीच्या क्रेटात घालून शिरूरला आणलंय. प्राण्यांच्या दवाखान्याबाहेरच्या बाकड्यावर बसलेय. आत ती टेबलावर आहे. डॉक्टर मॅडम वयानं लहान आहेत, पण बोलायला सरळ. म्हणाल्या, "तासभर लागेल ताई. मी काही शब्द देत नाही. फार उशीर केलात." उशीर का केला, हे त्यांनी विचारलं नाही ते बरं झालं. काय सांगणार होते मी? सासऱ्यांनी पोटाला हात लावून गाभण म्हणून सांगितलं होतं, म्हणून थांबले?

तुमच्या नातीच्या, तनूच्या वहीच्या मागच्या पानांवर हे लिहितेय. हात मोकळा राहिला की मी नखं खाते, तुम्हाला माहीतच आहे. "पोरी, जेवण झालंय ना मघाशी?" असं म्हणायचात.

तुमचा हात चुकला यावर माझा अजून विश्वास बसत नाही. आसपासच्या दहा गावांत तुम्ही कांडीवाले मामा. मोटारसायकलला नायट्रोजनचा कॅन बांधायचा, वळूच्या बीजाच्या कांड्या घ्यायच्या आणि गोठ्यागोठ्यातून गायी भरवत हिंडायचं, यात तुमचं सगळं आयुष्य गेलं. खांद्यापर्यंतचा प्लॅस्टिकचा हातमोजा चढवायचा, गायीच्या आत हात घालायचा, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "अडीच महिने. जपा आता." सोनोग्राफीवाले आले तरी लोक आधी तुम्हाला बोलवायचे. त्या दिवशी सकाळी चहा पिताना बायडी तुमच्या मांडीवर होती. तुम्ही तिच्या पोटाखालून दोन बोटं फिरवली आणि म्हणालात, "भरलीय. दीड महिना झाला आसंल. पोरी, हिला जपायचं बरं का." मग चहाचा घोट घेऊन म्हणालात, "साखर कमी हाय." दुपारी तुम्ही खाटेवर आडवे झालात ते उठलाच नाहीत. म्हणजे माझ्याशी तुम्ही शेवटची दोन वाक्यं बोललात, त्यातलं एक चुकीचं आणि दुसरं तुमचं नेहमीचं.

बायडी त्या दिवसापासून तुमच्या खाटेखाली जाऊन बसली. जेवेना. दूध ठेवलं तर हुंगायची आणि मान फिरवायची. पाणी मात्र प्यायची, वाटीभर नाही, बादलीला तोंड लावून. भेटायला येणारा प्रत्येक माणूस खाली वाकून बघायचा आणि म्हणायचा, "बघा, मुक्या जनावराला कळतं." तुमच्या पुतण्यानं तर तिचा फोटो काढून स्टेटसला ठेवला. मलाही बरं वाटायचं ते ऐकून, खोटं कशाला बोलू. आपल्या माणसासाठी घरातलं मांजरसुद्धा अन्न सोडून बसलंय म्हणजे काय! आणि पोट वाढत होतं, तर ते वाढणारच ना, तुम्हीच सांगून गेला होतात. मी रांजणगावला कंपनीत दिवसभर दिव्याखाली पार्ट फिरवून बघते. केसाएवढा ओरखडा दिसला तरी पीस बाजूला काढते. बारा वर्षं तेच करतेय. आणि घरात खाटेखाली एक जीव मरायला टेकला होता, तो मला दिसला नाही.

आत काहीतरी भांडं पडलं. मी दारापर्यंत जाऊन आले. काही कळत नाही.

आपलं भांडण अर्धं राहिलं, मामा. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. बायडीचं तिसरं वेत. बोक्यानं तिन्ही पिल्लांच्या माना मोडल्या आणि बायडी आठ दिवस घरभर हाका मारत हिंडली. पंधरा दिवसांत पुन्हा माजावर आली. जमिनीवर लोळायची, ओरडायची, वाळून काटकी झालेली. तनूनं मोबाईलवर वाचून दाखवलं की मांजरीचं ऑपरेशन करून घ्यावं, नाहीतर पुढं पिशवीत पू होतो, सडांना गाठी येतात. मी म्हणाले, नेऊ या शिरूरला. तुम्ही पेपर खाली ठेवलात. "मी जित्ता हाय तवर तिच्या पिशवीला कुणी हात लावायचा न्हाई."

"का? तुम्ही भरवणार आहात का तिला?" मी बोलून गेले. सासऱ्याशी असं बोलतात का? पण मी बोलले.

"धडधाकट जीव हाय. धडधाकट जिवाची पिशवी काढत्यात व्हय?"

आणि मग माझ्या तोंडून ते निघालं. "माझी काढली तेव्हा कुठं गेला होता हा कळवळा?"

तुम्ही उठून गोठ्यात गेलात. बराच वेळ आला नाहीत. मला वाटलं, जिंकले मी. तुमच्याशी जिंकायची मला सवयच लागली होती, कारण तुम्ही त्या एका विषयावर कधी तोंडच उघडायचा नाहीत.

ते इथं लिहिते, कारण आज लिहिलं नाही तर राहून जाईल. तनू चार वर्षांची होती, मी तिशीत. कंबर दुखायची, अंगावरून पांढरं जायचं. ज्या दवाखान्यात गेलो त्याचं नाव घेत नाही. डॉक्टरांनी मशीन फिरवलं आणि म्हणाले, "पिशवीला सूज आहे. ठेवली तर कॅन्सर. परवा दिवशी काढून टाकू." ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. तुम्ही एकटेच म्हणालात, "आणिक एकाला दाखवू. पुण्याला जाऊ. चार दिसानं काय व्हतंय?" आणि मी, तापलेली, घाबरलेली, सगळ्यांसमोर ओरडले की तुम्हाला नातू पाहिजे म्हणून मी मरू का? तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मग टोपी घातलीत आणि बाहेर जाऊन उभे राहिलात. परत एक शब्द बोलला नाहीत. सही ह्यांनी केली.

ऑपरेशन झाल्यावर नर्स बाहेर आली, म्हणाली नातेवाईकांपैकी कुणीतरी येऊन काढलेली पिशवी बघून जा. ह्यांना रक्त बघून घेरी येते. तुम्ही गेलात. ह्यांनीच मला नंतर सांगितलं, "आप्पा आत गेले, लगेच बाहेर आले आन् बाकड्यावर भिंतीकडं तोंड करून बसले. हाक मारली तरी वळंनात." मला तेव्हा राग आला होता. म्हटलं, नातवाची आशा संपली म्हणून बसले असतील भिंतीकडं तोंड करून.

पुढं एकदा, घरी आल्यावर, मी विचारलं होतं तुम्हाला. "मामा, कशी होती हो पिशवी? लई खराब झाली होती का?" तुम्ही दावं वळत होता. मान वर न करता म्हणालात, "मला काय कळतंय माणसाचं? मी जनावरातला माणूस." मी खरं मानलं. कारण मला खरं मानायचं होतं.

त्या ऑपरेशनात ओव्हरीपण काढली होती, हे आम्हाला वर्षभरानं कळलं. तोवर अंगातून वाफा निघायला लागल्या होत्या. भाकरी थापता थापता घामानं निथळायचे, तव्यासमोरून उठून ओट्याला धरून उभी राहायचे. कुणाला सांगायची लाज. आणि तुम्ही, पेपर वाचत बसलेले, काही न बोलता उठायचात आणि टेबलफॅनचं तोंड माझ्याकडं फिरवायचात. परत जाऊन उकाड्यात बसायचात. किती वर्षं! सासूबाई होत्या तेव्हाही, त्या गेल्यावरही. मी एकदाही म्हणाले नाही की मामा, राहू द्या तुमच्याकडं. म्हणाले असते तर तुम्हाला बरं वाटलं असतं का, अवघडला असतात? माझे गुडघे पस्तिशीतच बोलायला लागले, तेव्हा खारीक आणि डिंक न सांगता डब्यात यायचा. मला वाटायचं ह्यांनी आणला. ह्यांना वाटायचं मी आणला.

एक बाई कुत्र्याला घेऊन आली. विचारते, "तुमचं काय?" मी म्हणाले, "मांजर." "काय झालं?" मला सांगता येईना. मी वहीत डोकं घातलं. ती बिचारी लांब जाऊन बसली.

दहाव्याचं सांगते. तुम्हाला माहीत असेलच, तुम्हीच बसला होतात ना समोर झाडावर, असं सगळे म्हणतात. नदीकाठी पिंड ठेवला. कावळे होते, पण एक खाली उतरेना. धाकट्या भाऊजींनी हात जोडून सांगितलं, बांधावरून भांडणार नाही. ह्यांनी सांगितलं, तुमची मोटारसायकल विकणार नाही. पुतण्यानं दारू सोडायचा शब्द दिला, त्याच्या बायकोनं तिथंच डोळे पुसले. एक कावळा खाली आला, पिंडाभोवती दोन उड्या मारल्या आणि बाजूला झाला. ऊन चढायला लागलं. भटजी घड्याळ बघायला लागले. तेव्हा मी पुढं झाले, पदर घेतला आणि म्हणाले, "मामा, बायडीची काळजी करू नका. तिचं बाळंतपण मी करीन. एक पिल्लू बाहेर टाकणार नाही. तिच्या पिशवीला कुणाला हात लावू देणार नाही."

आणि कावळा शिवला. तिथल्या तिथं. लोकांनी "शिवला, शिवला" केलं, बायका रडल्या, मीही रडले. मला वाटलं, आपलं भांडण मिटलं.

आता सांगा, त्यानंतर मी तिला डॉक्टरकडं कशी नेणार होते? अकराव्याला ती ओकली. मी म्हटलं, गाभणपणात होतं. बाराव्याला खाटेखालून उठेना. मी खोक्यात जुनी साडी अंथरून ठेवली, शेजारच्या काकू म्हणाल्या, आता एक-दोन दिवसांत वेणार. रोज कामातून उठून मी वाकून बघायचे. पोटाला हात लावला की तिला दुखायचं, हात काढून घ्यायचे. पोटात काही हलत नव्हतं. ते मला कळत होतं, मामा. कळत होतं आणि मी म्हणत होते, मला काय कळतंय, मामांचा हात आहे तो.

काल तेराव्याचा स्वयंपाक झाला, पंगती उठल्या, आणि मी तिचं खालचं अंग ओल्या फडक्यानं पुसायला गेले. फडकं नाकाजवळ आलं.

तो वास मला ओळखीचा होता. लग्न होऊन आले त्या वर्षी तुम्ही एका गोठ्यावरून आला होतात, अंगणात हात धुवायला बसलात, मी तांब्यानं पाणी घालत होते आणि मी नाकाला पदर लावून तोंड फिरवलं. तुम्ही म्हणालात, "तोंड फिरवू नको पोरी. वास घे. ह्यो पिशवीतला पू. गाय वेली, वार आत राहिली, आन् मालक म्हणतोय दोन दिस बघू. हा वास आला ना, मग दोन दिस बघायचं नसतं. मग दोन घटकासुद्धा बघायचं नसतं." मी नवी नवरी, मला काय करायचं होतं ते? पण नाकानं लक्षात ठेवलं. तुमचा हात चुकला, आणि तुमचीच शिकवण कामाला आली.

मी ह्यांना म्हणाले, उद्या सकाळी शिरूर. हे म्हणाले, "दहाव्याला तू शब्द दिलास. कावळा शिवलाय. आप्पांच्या मनाविरुद्ध करायचं?" ह्यांचाही आवाज कापत होता. मी म्हणाले, तुमचे आप्पा आत्ता असते तर त्यांनी आधी गाडीला किक मारली असती. हे सकाळी पहिली पाळी म्हणून कंपनीत गेले, जाताना तुमच्या मोटारसायकलची किल्ली टेबलावर ठेवून गेले. क्रेट मागं बांधलं, जिथं तुमचा नायट्रोजनचा कॅन असायचा तिथंच. सगळ्या रस्त्यानं मी मागं हात नेऊन बघत होते, श्वास चालू आहे की नाही. ट्रकवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या.

मॅडमनी सोनोग्राफी केली. "पिल्लं नाहीत ताई. सगळा पू आहे. पिशवी फुटली तर संपलं." मग कागद पुढं केला. त्या कागदावर, मामा, सही मी केली. दिलेला शब्द मोडून केली. आणि तुम्ही चुकलात, हेही सांगते. दोन वर्षांपूर्वी धडधाकट होती तेव्हाच ऑपरेशन केलं असतं, तर आज ती त्या टेबलावर नसती. तुमच्याशी भांडायला तुम्ही नाही म्हणून मी हे गिळून टाकणार नाही. पण सही करताना माझं पेन थांबलं ते त्यासाठी नाही. मला एकदम वाटलं, तुम्ही गाभण म्हणालात ते खरंच चुकून का? की भरलेल्या पिशवीला हात लागल्यावर तुमच्या मनानं दुसरं काही मानायलाच नकार दिला? पिशवी काढण्याची वेळ पुन्हा या घरात येऊ नये म्हणून?

दार उघडलं. थांबा.

मामा, ती आहे. श्वास घेतेय. जीभ बाहेर आहे, डोळे अर्धे उघडे आहेत, काही बघत नाहीत. दोन दिवस इथंच ठेवायची आहे, सलाईनवर. मॅडम म्हणतात, अजून काही सांगता येत नाही, पण हृदय चांगलं आहे. मी तिच्या कपाळाला बोट लावलं. तुमचं नाव कानात सांगितलं. वेडेपणा, पण सांगितलं.

मग मॅडम म्हणाल्या, "काढलेलं दाखवायचं असतं. बघवेल का?" मी हो म्हणाले. ट्रेमध्ये दोन फुगलेल्या वांग्यांसारखं काहीतरी होतं, काळपट, ताणलेलं, एका बाजूला हिरवी झाक. मी नाकाला पदर लावला नाही. मी विचारलं, "आणि चांगली असली तर कशी दिसते?"

"चांगली? नुसती बारीक, गुलाबी, स्वच्छ. बघितल्याबरोबर कळतं."

"मांजराचीच कळते, का सगळ्यांची?"

"गाय असो, माणूस असो, ज्यानं आयुष्यात चार पिशव्या हाताळल्यात त्याला लगेच कळतं, ताई. त्यात शिकण्यासारखं काही नाही."

चार. आणि तुम्ही किती हाताळल्या होत्या?

मी बाहेर आले आणि बाकड्यावर बसले. किती वेळ बसले माहीत नाही. ती कुत्र्यावाली बाई काहीतरी विचारत होती, मला वळून उत्तर देता येईना. मग लक्षात आलं की मी भिंतीकडं तोंड करून बसलेय.

तेव्हा मला कळलं तुम्ही काय बघून आला होतात. तुम्ही घरी येऊन सांगितलं असतंत तर मी जगले नसते, किंवा ह्यांना जगू दिलं नसतं. म्हणून तुम्ही जनावरातला माणूस झालात. माझे टोमणे खाल्लेत, नातवासाठी झुरणारा म्हातारा ठरलात, आणि अकरा वर्षं पंख्याचं तोंड फिरवत राहिलात. मला तुमचा भयंकर राग आलाय, मामा. आणि मला तुमच्या पायावर डोकं ठेवायचंय. आधी कुठलं, ते कळत नाही.

ह्यांचा फोन आला मघाशी, जेवणाच्या सुट्टीत. "काय झालं?" म्हणाले. मी म्हणाले, "बायडी आहे. पिशवी खराब झाली होती, काढली." ते म्हणाले, "बरं झालं." मला ह्यांना विचारायचं होतं, पण ह्यांनी बघितलीच नव्हती. बघणारे तुम्ही एकटेच.

बायडीची खराब होती, मामा. मी डोळ्यांनी बघितली.

माझी नव्हती ना?